पावतीवर नसलेला रकाना

दर वर्षी मृगाचा पाऊस लागला की हा वाद पेटतो आणि गणपती आले की विझतो. कुठल्यातरी धबधब्याखाली कुणी वाहून जातं, त्याची चित्रफीत दोन दिवस या फोनवरून त्या फोनवर फिरते, तिसऱ्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो. मग ‘यांना मरायचीच हौस आहे, बंदी घाला’ म्हणणारे एकीकडे आणि ‘सह्याद्री कुणाच्या बापाचा नाही’ म्हणणारे दुसरीकडे. या हाणामारीत सगळ्यात स्वस्तात झोडपला जातो तो एकटा जाणारा. पाठीला सॅक, सॅकमध्ये तंबू, बरोबर कुणी नाही, अंगात कुठल्या ग्रुपचा टी-शर्ट नाही. प्रशासनाला तो बेजबाबदार वाटतो, बातम्यांना वेडा वाटतो, आणि शनिवार-रविवारी बस भरून माणसं नेणाऱ्या ट्रेक-आयोजकांना तो हातचं सुटलेलं गिऱ्हाईक वाटतो. त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नसतं, कारण तो एकटाच असतो.

मी गेली पंचवीस वर्षं अधूनमधून असा एकटा जात आलोय, तेव्हा माझी बाजू आधीच उघड करून ठेवतो. पावसाळ्यात एकट्यानं डोंगरात जाण्यावर आणि रानात तंबू ठोकून रात्र काढण्यावर सरसकट बंदी नसावी. पण मोकळं रान असावं असंही मी म्हणत नाही. जाणाऱ्यानं पायथ्याच्या गावात वर्दी द्यावी, ती कुठेतरी लिहिली जावी, आणि ‘आज नको’ म्हणण्याचा अधिकार त्या गावाला असावा. बंदी आणि स्वातंत्र्य यांच्या मधला सोयीचा तोडगा म्हणून मी हे सुचवत नाही. आज ज्या गोष्टीवर भांडण चाललंय तीच मुळात चुकीची आहे, असं माझं म्हणणं आहे. एकटेपणा हा धोका नाही. कुणालाही पत्ता नसणं हा धोका आहे.

अलीकडच्या दोन दुर्घटना पाहा, ज्यांच्यानंतर आरडाओरडा सर्वांत जास्त झाला. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भारानं कोसळला, चौघं गेले. दोन्ही जागा गाडी लावून पायी थोडक्यात पोचण्याच्या. दोन्हीकडे गर्दी होती, आणि बहुतेकांनी तिथे जाण्याचं कारणही गर्दीच होतं. एवढी माणसं उतरलीत म्हणजे पाणी उतरण्याजोगंच असणार, हा हिशेब आपण सगळेच करतो. गेलेल्यांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. पण या दोन्ही घटनांमध्ये एकट्या ट्रेकरचा, तंबूचा, आडवाटेचा संबंध कुठे आला? तरीही भुशीनंतर पुणे जिल्ह्यात जे मनाई आदेश निघाले ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे जुन्या १४४ च्या जागी आलेल्या कलमाखाली. लोकांच्या तोंडी त्याचं नाव काय? जमावबंदी. जमावबंदीच्या कलमाखाली एकटा माणूस अडवला जातो, यातली गंमत अजून कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही.

आदेशातली कलमं एकेक करून वाचली तर चूक काढायला जागा नाही. वाहत्या पाण्यात उतरू नये, धोक्याच्या कड्यावर सेल्फी काढू नये, दारू पिऊ नये, रस्त्यात गाड्या लावू नयेत, मोठ्यानं गाणी लावू नयेत. कोण नाही म्हणेल? अडचण एवढीच, की हा आदेश डांबरावर लागू होतो. पोलिसांची गाडी जिथवर जाते तिथवर त्याचा अंमल, आणि तोही शनिवार-रविवारी. त्याच्या पलीकडे घाटवाटा, नाळा, सोंडा, ढोरवाटा पसरलेल्या आहेत. तिथे आदेशाचा परिणाम एकच होतो: जो जाणार असतो तो जातोच, फक्त आता तो कुणाला सांगून जात नाही. पूर्वी वाडीतल्या पहिल्या घरात ‘दोन दिवसांनी पलीकडे उतरणार’ असं बोलून पुढे जायचा, तो आता पहाटे अंधारात वाडी चुकवून जातो, कारण उगाच कुणी हटकायला नको. म्हणजे ज्या एका गोष्टीमुळे तो सापडू शकला असता, तीच बंदीनं त्याच्याकडून काढून घेतली.

तंबूचंही तसंच. रानात तंबू ठोकला तर १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे राखीव जंगलात विनापरवाना प्रवेशाचा प्रश्न येतो, अभयारण्य असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदा येतो. ठीक आहे, कायदा आहे. पण मग पवना धरणाच्या काठी ओळीनं लागलेले शेकडो तंबू, रात्री दोनपर्यंत चालणारे स्पीकर आणि पाण्यात गेलेला कचरा काय आहे? भंडारदऱ्याला मे-जूनमध्ये काजवे बघायला येणाऱ्या गाड्यांचे दिवे, जे पाहून काजवे विझतात, ते काय आहे? तंबूला आपला विरोध नाहीच. विरोध आहे तो बिल न फाडलेल्या तंबूला. एक माणूस, दीड किलोचा तंबू, एक रात्र, सकाळी उठल्यावर फक्त दबलेलं गवत. हा आपल्याला उपद्रव वाटतो. आणि जेवणासह माणशी अमुक इतके रुपये घेणारा तळ म्हणजे रोजगारनिर्मिती.

आता विरोधी बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं. ते असं, की तू एकटा जा, मर, तुझा प्रश्न. पण तुला शोधायला जे येतात त्यांच्या जिवाचं काय? याला सहज उत्तर नाही, आणि ‘आम्ही कुणाला बोलावत नाही’ असं जे एकटे जाणारे म्हणतात ते खोटं बोलतात. मे २०२२ मध्ये लोणावळ्याजवळ नागफणीच्या रानात एकटा आलेला एक तरुण वाट चुकला. पोलीस, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव संस्थांची माणसं दऱ्या पिंजत होती. चार दिवसांनी मृतदेह सापडला. शोधणाऱ्यांत पगारी माणसं थोडी. बाकी कुणाचं दुकान, कुणाची नोकरी, फोन आला की दोर खांद्यावर टाकून निघायचं. पावसात, रात्री, शेवाळलेल्या कातळावर, स्वतःच्या पेट्रोलनं. त्यांच्यापैकी कुणी जर मला म्हणाला की बाबा रे, घरी बस, तर मी मान खाली घालीन.

पण त्या घटनेकडे नीट पाहिलं तर ती बंदीच्या बाजूनं साक्ष देत नाही. महिना मे होता. पाऊस नव्हता, पावसाळी मनाई आदेशही नव्हता. शोध लांबला तो माणूस कुठल्या वाटेनं गेला हे कुणालाच माहीत नसल्यामुळे. चौघं एकत्र चुकले असते तरी ते नेमके कुठे आहेत, हा प्रश्न तितकाच अवघड राहिला असता. दुसरी गोष्ट, ही दोर घेऊन धावणारी माणसं येतात कुठून? २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली, तीस माणसं गेली. भर पावसात, धुक्यात, शेकडो फूट खाली उतरून मृतदेह वर काढण्यात पुढे होते ते महाबळेश्वर-पोलादपूर भागातले ट्रेकर. ओल्या कातळावर पाय कसा टाकायचा, ओढ्याचा आवाज बदलला म्हणजे काय समजायचं, हे त्यांना कुठल्या प्रशिक्षण केंद्रात शिकवलं? वर्षानुवर्षं पावसात फिरून आलेली ती समज आहे. जून ते सप्टेंबर डोंगर कुलूपबंद ठेवा, आणि वीस वर्षांनी एखाद्या घाटात बस पडल्यावर खाली उतरायला कोण येतं ते बघा.

माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल सांगतो, नाहीतर हा लेख शहाणपणा शिकवणारा वाटेल. बारा वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. रतनवाडीकडून कात्राबाईची खिंड चढून कुमशेतच्या अंगाला उतरत होतो, पुढे पाचनई आणि हरिश्चंद्रगड असा बेत. संध्याकाळी पाचलाच दिवेलागणीसारखा अंधार आला. दोन कातळांच्या मध्ये एक छान सपाट पट्टा दिसला, गवत आधीच दबलेलं, वारा अडलेला. तंबू ठोकला, चहा केला, स्वतःवर खूश होऊन झोपलो. रात्री एकच्या सुमारास जाग आली ती गारव्यानं. तंबूच्या तळाला हात लावला तर तो गादीसारखा फुगलेला, आणि त्याच्या खालून पाणी वाहत होतं. गवत दबलेलं होतं ते गुरांच्या जाण्यायेण्यानं. ती ढोरवाट होती, आणि प्रत्येक ढोरवाट पावसात ओढा होते, हे मला पाठ होतं. पाठ असणं आणि संध्याकाळी पाचला दमलेल्या डोक्यात ते येणं, या दोन वेगळ्या गोष्टी. डोक्यावरच्या टॉर्चचा उजेड धुक्यात हातभर जाऊन उलटा डोळ्यांत येत होता. हाताला लागेल ते गोळा केलं, शंभरएक पावलं वर सरकलो आणि तंबूचं वरचं कापड अंगावर घेऊन एका कातळाच्या पोटाशी उजाडेपर्यंत बसून राहिलो. तापमान फार तर अठरा-वीस असेल, पण ओलं अंग आणि वारा असला की तेवढंही पुरतं. बोटं वाकेनात, सॅकचं बक्कल दातानं उघडलं.

सकाळी खोळ पांघरलेला एक म्हातारा गुरं घेऊन वर आला. माझ्याकडे आणि त्या चिखलाच्या गोळ्याकडे बघून म्हणाला, “काल सांजच्याला तुमाला हाक मारली व्हती म्या. तिथं पाणी उतरतं.” हाक मी ऐकली होती. मला वाटलं, गुरांना हाक मारतोय.

पावसाळी सह्याद्रीत मरण बहुधा असंच येतं, असं मला वाटतं. सांगणारा होता, ऐकणारा होता, फक्त दोघांमध्ये कसली रीत नव्हती. त्याच फेरीत, आदल्या दिवशी, वाटेतल्या एका नाक्यावर माझ्याकडून प्रवेशाचे पैसे घेऊन पावती फाडून देण्यात आली होती. ती वहीत जपून ठेवलीय. रक्कम आहे, तारीख आहे, वाहन क्रमांकासाठी रकाना आहे. मी एसटीनं आलो म्हणून तिथे आडवी रेघ. माणसाचं नाव नाही. कुठल्या वाटेनं जाणार, किती रात्री, कुठे उतरणार, घरच्यांचा नंबर, कशालाच जागा नाही. मी ‘दोन मुक्काम करणार’ असं म्हणालो तर समोरचा गृहस्थ नजर चुकवून म्हणाला की ते मला सांगू नका. त्याचं बरोबर होतं. सांगितलं तर त्याला मनाई करावी लागली असती. न सांगितलं तर मी त्याच्या लेखी रविवारचा पर्यटक. आपल्या व्यवस्थेला गाडी मोजता येते, माणूस मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते बंद करून टाकावं असं तिला वाटतं.

दुसरा आक्षेप मला पहिल्यापेक्षाही जास्त अस्वस्थ करतो, आणि तो वादात फारसा कुणी काढत नाही. पावसाळ्यात डोंगराला आपली गरज नसते. पाली विनयपिटकात वर्षावासाची कथा आहे: भिक्षू भर पावसात फिरतात, हिरवं गवत तुडवतात, बारीकसारीक जीव चिरडतात, पक्षीसुद्धा या दिवसांत घरटं करून बसतात आणि हे मात्र हिंडतायत, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा बुद्धानं पावसाचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. आपल्याकडचा चातुर्मास त्याच समजुतीचा. जुन्नरच्या, भाज्याच्या, बेडशाच्या लेण्यांत पावसाळे काढणाऱ्यांना चालण्याची भीती नव्हती. पायाखाली काय येतं याची लाज होती. ही लाज आपल्याला आहे का? आंबोलीच्या कातळसड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या सपाटीवर, पावसानं साचणाऱ्या उथळ डबक्यांत एक चिमुकला भेक वीण घालतो, शास्त्राला त्याची ओळखच २००९ मध्ये झाली. कासला सीतेची आसवं फुलतात ती बोटभर मातीच्या थरात. तिथे एका तंबूनं एका रात्रीत जे दबतं ते त्या वर्षापुरतं गेलं. सड्यावर तंबू ठोकणारा, तो कितीही एकटा, कितीही स्वच्छ असो, माझ्या लेखी गुन्हेगार आहे, आणि पहिली काही वर्षं मीही तो गुन्हा केलेला आहे.

मात्र वर्षावासाचा अर्थ ‘घरी बसा’ असा लावणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. ती माणसं डोंगरातच होती. फिरणं थांबवून ती थांबली, एका जागी, कमी गरजांत, पाऊस ऐकत. रविवारच्या दिवसात तीन धबधबे, एक गड आणि येताना मिसळ असा कार्यक्रम उरकणाऱ्या बसपेक्षा एका कातळाआड दोन दिवस बसून राहणारा एकटा माणूस त्या परंपरेच्या जास्त जवळचा आहे, असं म्हटलं तर फार होईल का? कासच्या पठारानं यावर व्यवहारी उत्तर शोधलेलंच आहे. दिवसाला ३००० माणसांची मर्यादा, शुल्क, आणि देखरेख आजूबाजूच्या गावांच्या समित्यांकडे. मर्यादा जास्त आहे की कमी यावर भांडता येईल. पण पठार बंद केलं नाही, मोजलं.

ट्रेकर मंडळींचा युक्तिवादही मला तितकाच खटकतो. ‘महाराज जुलैच्या पावसात पन्हाळ्याहून विशाळगडाला गेले, आणि तुम्ही आम्हाला अडवता?’ दर आषाढात हे वाक्य कुणीतरी फेकतंच, आणि त्याच वाटेवर आता दर जुलैला हजारो लोक चालतात. १६६० साली ती माणसं सिद्दी जौहरच्या वेढ्यातून जीव वाचवायला निघाली होती. पाऊस त्यांना आडोसा म्हणून हवा होता, शोभा म्हणून नव्हे. आणि ती रात्र फुकट मिळाली नाही. घोडखिंडीत माणसं कापली गेली म्हणून पुढची पोचली. दुसरा इलाज नव्हता म्हणून पत्करलेल्या संकटाचा दाखला शनिवारच्या हौसेसाठी देणं हा इतिहासाचा मान नाही. माझी हौस ही हौस आहे. तिला शौर्य म्हणायची गरज नाही, आणि लाज वाटायचीही.

हौसेला हक्क असतो का, हा प्रश्न इतरांनी सोडवलेला आहे. नॉर्वेत १९५७ पासून कायदाच आहे: मोकळ्या रानात कुणीही तंबू ठोकावा, राहत्या घरापासून १५० मीटर दूर, एका जागी सहसा दोन रात्रींपेक्षा जास्त नाही. इंग्लंडात डार्टमूरच्या ओल्या माळावर तंबू ठोकण्याचा हक्क आहे की नाही यावर जमीनमालकानं दावा लावला. २०२३ च्या जानेवारीत उच्च न्यायालयानं ‘नाही’ म्हटलं, त्याच जुलैत वरच्या न्यायालयानं ते फिरवलं, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हक्क कायम केला. प्रश्न असा होता, की उघड्यावर झोपणं ही ‘मोकळ्या हवेतली करमणूक’ आहे का. आहे, असं न्यायमूर्तींनी ठरवलं. पण मला त्याहून बोलकं उदाहरण स्कॉटलंडचं वाटतं. तिथे २००३ च्या कायद्यानं रानात मुक्कामाची मुभा दिली, आणि २०१७ पासून लॉख लोमंड या सरोवराच्या परिसरातल्या काही काठांवर मार्च ते सप्टेंबर परवान्याशिवाय तंबूला मनाई केली. कुठे? जिथे गाडी थेट पाण्यापर्यंत जाते, जिथे गर्दीनं काठाची नासाडी झाली होती. दूरचे भिजलेले डोंगर मोकळेच राहिले. आपण नेमकं उलटं करतो: पवनेचा काठ मोकळा, घाटमाथा बंद.

‘तिकडची माणसं शिस्तीची, आपली नाहीत’ हे ठरलेलं उत्तर मला ऐकू येतंय. शिस्त असण्यासाठी आधी नियम माहीत असावा लागतो. आपल्याकडे तंबू कुठे चालतो आणि कुठे नाही हे सांगणारी एकही साधी पाटी मी पाहिलेली नाही. पाट्या असतात त्या ‘प्रवेश निषिद्ध’ आणि ‘सुस्वागतम्’, कधीकधी एकाच खांबावर.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. पायथ्याच्या गावात एक वही. नाव, वाट, मुक्कामाची जागा, उतरण्याचं गाव, उतरण्याची वेळ, घरचा नंबर. वही ग्रामपंचायतीकडे असो, वन समितीकडे असो, नाहीतर चहाच्या टपरीवर. जाणाऱ्यानं शंभर-दोनशे रुपये द्यावेत, उतरल्यावर फोन करावा. ठरल्या वेळेनंतर बारा तासांत फोन आला नाही तर वहीवाल्यानं पोलीस पाटलाला कळवावं. सडे आणि पाणवठ्याजवळच्या जागा तंबूसाठी बंद, हे वहीच्या पहिल्याच पानावर. आणि गाव ‘आज नको’ म्हणालं तर नको. बंदी आली की पिठलं-भाकरीवर चार पैसे मिळवणारी घरं आधी बसतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या घरांना नुसतं गिऱ्हाईक न देता अधिकार दिला तर काय बिघडेल?

बिघडू शकतं, हे मान्य. उद्या एखादं गाव वहीचं नाक्यात रूपांतर करील, वाटाड्या घेतल्याशिवाय सोडणार नाही म्हणेल. चालेल. अनोळखी नाळेत वाटाड्या घेणं शहाणपणाचंच असतं. एकट्या बाईला वहीवाला सात प्रश्न जास्त विचारील, ‘बरोबर कुणी नाही?’ हा त्यातला पहिला; आणि काळजीच्या नावाखाली ‘आज नको’ तिच्याच वाट्याला अधिक येईल. याची मला खरी धास्ती आहे, कारण बंदीची काळजी कायम आधी बाईवरच उतरते. नकाराचं कारण वहीत लिहिणं सक्तीचं करावं, एवढंच मला सुचतं. ‘ओढा वाढलाय’ असं लिहिता येतं, ‘बाई आहे’ असं लिहिताना हात जरा तरी अडखळेल.

आणि गावाला तरी सगळं कळतं का? १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी झोपेत गाडली गेली. पिढ्यान्‌पिढ्या तो डोंगर ओळखणारी माणसं होती ती. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी तळिये गाव दरडीखाली गेलं. अशा दिवशी ना गावाची समज पुरते ना माझी पंचवीस वर्षं. म्हणून हवामान खात्याचा लाल इशारा असेल, म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पावसाची शक्यता असेल, तर वही आपोआप मिटली पाहिजे, कुणाच्याही मर्जीवर न सोडता. ही बंदीच झाली, असं कुणी म्हणेल. झालीच. पण ती त्या दिवसाची आणि त्या डोंगराची, तीन महिन्यांची आणि सगळ्या जिल्ह्याची नव्हे. दोन दिवसांनी इशारा उतरला की ती उतरते, आणि त्यामुळे लोक ती पाळण्याची शक्यता तरी उरते. जुलैभर चालणाऱ्या मनाईत खरा वाईट दिवस कोणता, हे कुणालाच कळत नाही.

त्या म्हाताऱ्याच्या वाडीला मी नंतर तीनदा गेलो. मागच्या खेपेला दुपारी दोनला पोचलो, लाल इशारा नव्हता, पाऊसही जेमतेम होता. नियम म्हणून पडवीत जाऊन सांगितलं, की बाबा, वरच्या पठारावर मुक्काम करतो, उद्या पाचनईला उतरतो. त्यानं थोडा वेळ मान कलती करून काहीतरी ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, “आज नको, पाव्हणं. वढा बोलतोय.” मला पत्र्यावरचा पाऊस सोडून काहीच ऐकू येत नव्हतं. अजून बराच उजेड होता, पाय ताजे होते, आणि खरं सांगायचं तर रागही आला. मग सॅक उतरवली. म्हातारीनं काही न विचारता चुलीपुढची लाकडं सरकवून जागा केली आणि ओले मोजे आधी बाहेर टाका म्हणाली.